पांढरा पक्षी की पांढरा डाग? पक्ष्यांच्या फोटोतले जळालेले हायलाइट्स मोबाइलवर कसे सावरायचे

बगळ्याचा फोटो काढून बघा. मागचं हिरवं खाचर छान येतं, पाण्यातलं प्रतिबिंब छान येतं, आणि बगळ्याच्या जागी मात्र कागद कापून चिकटवल्यासारखा एक पांढराफटक आकार दिसतो. ना पंख, ना पिसं, ना मानेची वळणं. मग आपण एडिटिंग ॲप उघडतो, 'हायलाइट्स' नावाचा स्लायडर शोधतो आणि तो पार शेवटपर्यंत डावीकडे ओढतो. पांढरा बगळा आता राखाडी होतो. पिसं तरीही दिसत नाहीत.

असं का होतं? कधी कधी त्याच स्लायडरने पिसं खरंच परत येतात, मग ते कधी? या लेखात आपण तीन गोष्टी बघणार आहोत: फोटो 'जळतो' म्हणजे फाइलमध्ये नेमकं काय होतं, वाचवता येण्यासारखा फोटो कसा ओळखायचा, आणि तो मोबाइलवर कोणत्या क्रमाने सावरायचा. शेवटी, मुळात फोटो जळूच नये म्हणून काय करायचं तेही आहे.

जळणं म्हणजे काय?

पावसात पन्हळीखाली शेजारी शेजारी घागरी मांडून ठेवल्यात असं समजा. पाऊस थांबल्यावर कोणत्या घागरीत किती पाणी आहे, त्यावरून कुठे किती पाऊस पडला हे सांगता येतं. पण जी घागर काठोकाठ भरून वाहायला लागली, तिच्याबद्दल आपण एवढंच म्हणू शकतो की 'भरली'. तिच्यावर दोन घागरी पाणी पडलं की पाच, हे भरलेल्या घागरीकडे बघून कळत नाही.

कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे अशा लाखो बारीक घागरी, आणि त्यात पाण्याऐवजी प्रकाश जमा होतो. बगळ्याच्या पाठीवर ऊन पडलं की तिथल्या सगळ्या घागरी एकदम भरतात. दोन पिसांमधली बारीक सावली पकडणारी घागरसुद्धा भरते. आता पीस आणि सावली दोन्ही सारखेच 'भरलेले'. फरक संपला, म्हणजे तपशील संपला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हे कोडच्या भाषेत पटकन समजतं. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या मध्ये असतो. २५५ च्या वर जागाच नाही. खरा प्रकाश ३०० च्या लायकीचा असो की ४०० च्या, फाइलमध्ये दोन्हीकडे २५५ लिहिलं जातं. आम्ही याला क्लॅम्प म्हणतो. एकदा क्लॅम्प झालं की उलट जाणारं गणित नाही. २५५ वरून मूळचा आकडा ३०० होता की ४००, हे कोणतंही सूत्र सांगू शकत नाही.

आता स्लायडर काय करतो ते बघा. समजा एका पिसावर शेजारशेजारच्या तीन पिक्सेलची तेजस्विता २५०, २४७ आणि २५२ आहे. हायलाइट्स खाली ओढल्यावर सोयीसाठी सगळ्यांना ०.८५ ने गुणलं असं धरू. उत्तर येतं २१३, २१०, २१४. फरक टिकला, म्हणजे पीस टिकलं. पुढे थोडा कॉन्ट्रास्ट दिला की ते उठून दिसेल. पण तिन्ही पिक्सेल २५५ असतील तर उत्तर येतं २१७, २१७, २१७. म्हणजे सपाट राखाडी. पांढरा डाग होता, आता राखाडी डाग आहे.

म्हणून फोटो 'उजळ' असणं आणि 'जळालेला' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उजळ फोटो सावरता येतो. जळालेल्या भागात सावरायला काही उरलेलंच नसतं.

रंगसुद्धा जळतो

हा मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, कारण तिथे पांढरा डाग दिसतच नाही.

गाय बगळा एरवी पांढरा असतो, पण विणीच्या काळात त्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर बदामी-नारिंगी पिसं येतात. समजा त्या पिसाचा खरा रंग लाल ३००, हिरवा २४०, निळा १९० असा आहे. लाल आकडा २५५ वर अडकतो, बाकीचे दोन तसेच राहतात. फाइलमध्ये आलं २५५, २४०, १९०. नारिंगी रंग पिवळट झाला! प्रकाश आणखी थोडा वाढला तर हिरवाही २५५ वर आदळतो, निळा त्याच्या जवळ पोचतो आणि पीस जवळजवळ पांढरं दिसतं. म्हणजे बगळा विणीच्या रंगात होता ही माहितीच फोटोतून गेली.

निखार पक्ष्याचा नर उन्हात टिपला तर हेच वेगळ्या रूपात दिसतं. त्याचा लालभडक रंग एकाच चॅनलवर उभा असतो. लाल चॅनल भरला की पोटावरची सगळी पिसं मिळून एक लाल ठिगळ होतं. फोटो एकंदरीत काळोखा असला तरी हे होऊ शकतं. म्हणून तपासताना फक्त पांढरा भाग बघू नका. लाल, नारिंगी आणि पिवळ्या पक्ष्यांमध्ये रंगाच्या आतली पिसांची रेघ दिसते का ते बघा.

एडिट करण्याआधी पाच गोष्टी तपासा

१. फाइल मूळ आहे का? व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली फाइल दाबून लहान केलेली असते आणि बारीक फरक त्यात आधीच पुसले जातात. मित्राकडून फोटो मागवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

२. स्क्रीनवर डोळ्यांच्या आरामासाठी असलेला पिवळसर मोड चालू आहे का? असेल तर बंद करा, नाहीतर पांढऱ्याचा अंदाज चुकतो. ब्राइटनेस मधोमध ठेवा आणि उन्हात बसून एडिट करू नका.

३. फोटो मोठा करून पक्ष्याचा सर्वात उजळ भाग बघा. तो बहुतेक वेळा पाठीवर, खांद्यावर किंवा डोक्यावर असतो. थोडी जरी रेघ दिसली तरी आशा आहे.

४. हिस्टोग्राम बघा. स्नॅपसीड आणि लाइटरूम दोन्हीमध्ये तो दिसतो. हा डोंगरासारखा आलेख असतो: डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. डोंगर उजवीकडे उतरत येऊन भिंतीच्या अलीकडे संपत असेल तर फोटो फक्त उजळ आहे. उजव्या भिंतीला चिकटून एक उभी काठी दिसत असेल तर तेवढे पिक्सेल गेले. बगळा फ्रेममध्ये लहान असेल तर ही काठीही लहान असते, त्यामुळे नीट बघा. रंगांचे वेगवेगळे आलेख दिसत असतील तर लाल रंगाचा आलेख वेगळा तपासा.

५. जळालेला भाग आहे कुठे? डोळ्यातली चमक, पाण्यावरचा सूर्याचा ठिपका, ओल्या चोचीवरचा चकाकणारा बिंदू हे २५५ असायलाच हवेत. ते खाली आणले तर डोळा मेल्यासारखा दिसतो. काळजी करायची ती फक्त पिसांची.

सावरण्याचा क्रम

खालची नावं स्नॅपसीड आणि लाइटरूम मोबाइलमधली आहेत. दुसरं ॲप वापरत असाल तरी हीच साधनं थोड्या वेगळ्या नावांनी मिळतील, कारण मागचं गणित तेच असतं.

*पहिली पायरी: एक्सपोजरला हात लावू नका.* एक्सपोजर किंवा ब्राइटनेस कमी केला की सगळा फोटो खाली येतो. शेत काळं पडतं, पक्ष्याचा डोळा बुडतो. आपली तक्रार फक्त वरच्या टोकाशी आहे.

*दुसरी पायरी: हायलाइट्स.* स्नॅपसीडमध्ये 'ट्यून इमेज', लाइटरूममध्ये 'लाइट'. हायलाइट्स हळूहळू डावीकडे न्या, −३० ते −५० पर्यंत. पिसं दिसायला लागली की थांबा. पांढरा रंग राखाडी व्हायला लागला आणि पिसं दिसतच नाहीत, तर स्लायडर परत आणा. त्या भागात काही उरलेलं नाही हे त्याचं उत्तर आहे.

*तिसरी पायरी: कर्व्ह.* माझ्या मते हे सर्वात उपयोगी आणि सर्वात कमी वापरलं जाणारं साधन आहे. कर्व्हमध्ये एक तिरपी रेघ असते. तिचं वरचं उजवं टोक आहे तिथेच राहू द्या. रेघेवर साधारण तीन-चतुर्थांश उंचीवर एक बिंदू घ्या आणि तो थोडासा खाली ओढा.

याने काय होतं? समजा १९० चा बिंदू तुम्ही १७५ वर आणला आणि २५५ ला २५५ च ठेवलं. आधी १९० ते २५५ या ६५ पायऱ्यांमध्ये पांढरी पिसं दाटीवाटीने बसली होती. आता त्यांना १७५ ते २५५ अशी ८० पायऱ्यांची जागा मिळाली. पिसं एकमेकांपासून सुटी झाली आणि पांढरा मात्र पांढराच राहिला. टोक खाली ओढलं असतं तर उलट झालं असतं: पांढरा मळकट दिसला असता आणि पिसं आणखी चेपली गेली असती.

*चौथी पायरी: फक्त पक्षी.* स्नॅपसीडमध्ये 'सिलेक्टिव्ह' घ्या, पक्ष्याच्या सर्वात उजळ भागावर बोट टेकवून बिंदू ठेवा, दोन बोटांनी त्याचा घेर लहान करा आणि ब्राइटनेस थोडा कमी करा. त्याच बिंदूवर 'स्ट्रक्चर' +१० ते +२० द्या. लाइटरूममध्ये हे काम मास्क लावून होतं. त्यातली काही मास्क पैसे भरल्यावरच मिळतात, पण स्नॅपसीडमध्ये काम भागतं.

*पाचवी पायरी: कडा बघा.* एडिट जास्त झालं की पक्ष्याभोवती एक उजळ किंवा काळी किनार दिसते. फोटो मोठा करून मान आणि पाठ यांची कड बघा. किनार दिसली की शेवटच्या दोन पायऱ्या निम्म्यावर आणा.

*सहावी पायरी: रंग.* हायलाइट्स खाली आणल्यावर पांढऱ्यात कधी पिवळी, कधी निळी झाक उमटते. सगळ्या फोटोचं वॉर्म्थ बदलू नका. सिलेक्टिव्हच्या त्याच बिंदूवर सॅच्युरेशन थोडं कमी करा. सावलीतलं पांढरं पीस किंचित निळं असणं मात्र नैसर्गिक आहे, कारण त्यावर आकाशाचा उजेड पडलेला असतो. ते पुसू नका.

सगळं झालं की नवी प्रत सेव्ह करा, मूळ फाइल तशीच ठेवा. मग फोन पाच मिनिटं बाजूला ठेवून पुन्हा बघा. डोळे सवयीने फसतात.

रॉ फाइलने फरक पडतो का?

पडतो, पण मर्यादेत. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १० बिटच्या रॉ फाइलमध्ये १०२४, १२ बिटच्या फाइलमध्ये ४०९६. शिवाय जेपेग बनवताना फोन स्वतःच फोटो उजळ करतो. रॉमध्ये ते झालेलं नसतं, म्हणून वरच्या टोकाला थोडी जास्त जागा शिल्लक राहते. तीनपैकी एकच रंग भरला असेल तर रॉ उघडणारं सॉफ्टवेअर उरलेल्या दोन रंगांवरून तिसऱ्याचा अंदाज बांधतं. पण तिन्ही घागरी भरल्या असतील तर रॉसुद्धा हात वर करते.

अनेक अँड्रॉइड फोनमध्ये प्रो किंवा एक्स्पर्ट मोडमध्ये रॉ मिळते. ती डीएनजी फाइल स्नॅपसीड आणि लाइटरूम दोन्हीमध्ये उघडते. जागेचा हिशोब ठेवा: १२ मेगापिक्सेलची, न दाबलेली डीएनजी साधारण २४ एमबीची होते. शंभर फोटो म्हणजे २.४ जीबी.

'एआय एन्हान्स' दाबावं का?

आता कळीचा प्रश्न. जळालेल्या पांढऱ्या भागावर एआयचं बटण दाबलं की सुंदर पिसं उगवतात. ती कुठून आली? फाइलमध्ये तर २५५, २५५, २५५ होतं. ती त्या मॉडेलने आधी पाहिलेल्या असंख्य फोटोंवरून काढलेली पिसं आहेत. तुमच्या समोर उभ्या असलेल्या पक्ष्याची नाहीत.

भिंतीवर लावायला किंवा स्टेटसला ठेवायला फोटो हवा असेल तर तुमची मर्जी. पण पक्ष्याचा फोटो बऱ्याचदा पुरावा असतो. कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी चालवत असलेल्या ई-बर्डवर तुम्ही नोंद टाकता तेव्हा फोटोवरूनच इतर लोक ओळख पक्की करतात. आणि पांढऱ्या बगळ्यांची ओळख बारीक गोष्टींवर ठरते. मोठ्या बगळ्याच्या जबड्याची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच थांबते. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पायाचे पंजे पिवळे असतात. डोक्याजवळचा भाग जळालेला असेल आणि एआयने तिथे आपल्या मनाने रेघ ओढली, तर फोटो स्वच्छ दिसेल आणि नोंद चुकेल. पांढऱ्या डागाकडे बघून निदान 'कळत नाही' असं म्हणता येतं. बनवलेल्या पिसांकडे बघून लोक 'कळलं' म्हणतात.

मी स्वतःसाठी साधा नियम ठेवलाय. फाइलमध्ये जे आकडे आहेत त्यांची जागा बदलणं म्हणजे एडिटिंग. जे आकडे नाहीत ते भरणं म्हणजे चित्रकला. चित्रकला वाईट नाही, पण ती केली असेल तर फोटोखाली तसं लिहायचं आणि नोंदीला मूळ फोटो लावायचा.

मुळात जळूच नये म्हणून

फोनचा कॅमेरा सगळ्या फ्रेमची सरासरी मध्यम उजेडावर आणायला बघतो. गर्द हिरव्या झाडीसमोर पांढरा बगळा असेल तर त्याला फ्रेम काळोखी वाटते, तो सगळंच उजळ करतो आणि बगळा जळतो. म्हणून:

- स्क्रीनवर पक्ष्यावर बोट टेकवा आणि दाबून धरा. फोकस आणि एक्सपोजर लॉक होतील. मग बाजूला येणारा सूर्याचा स्लायडर थोडा खाली ओढा. प्रो मोडमध्ये −०.७ ते −१.३ पासून सुरुवात करा.

- फोटो स्क्रीनवर किंचित काळोखा दिसला तरी चालेल. काळोखा भाग उजळताना थोडा नॉइज येतो, पण तपशील हाती राहतो. गुगलच्या एचडीआर प्लसमागेही हीच कल्पना होती. २०१६ च्या शोधनिबंधात त्याची पद्धत सांगितली आहे: हायलाइट्स वाचावेत म्हणून मुद्दाम कमी उजेडाच्या अनेक फ्रेम घ्यायच्या आणि त्या एकत्र जोडून नॉइज कमी करायचा.

- दुर्बिणीला फोन लावून फोटो काढत असाल तर विशेष काळजी घ्या. चित्राभोवतीचं काळं वर्तुळ फोनला अंधार वाटतं आणि तो सगळं उजळतो. वर्तुळ फ्रेमबाहेर जाईपर्यंत झूम करा आणि मगच पक्ष्यावर लॉक करा.

- भिगवणला किंवा ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी बघायला जाल तर सकाळचं कोवळं ऊन गाठा. दुपारच्या उन्हात पाठ जळते आणि पोट काळं पडतं. एका फोटोत दोन्ही सांभाळणं अवघड जातं.

तुमच्या फोनची मर्यादा शोधा

प्रत्येक फोनची वरच्या टोकाची जागा वेगळी असते आणि ती कोणत्याही जाहिरातीत लिहिलेली नसते. पण घरच्या घरी पंधरा मिनिटांत शोधता येते. दोरीवर भर उन्हात एक पांढरा टॉवेल वाळत घाला. प्रो मोडमध्ये त्याचे फोटो काढा: +१, +०.७, +०.३, ०, −०.३, −०.७, −१. मग प्रत्येक फोटोवर वरची दुसरी आणि तिसरी पायरी करून बघा. ज्या फोटोपासून टॉवेलचे धागे परत यायचे बंद होतात, ती तुमच्या फोनची हद्द. ज्या फोटोत धागे स्पष्ट येतात, तो आकडा लक्षात ठेवा. पुढच्या वेळी बगळा दिसला की आधी तो आकडा लावा, मग बटण दाबा.